टॅम्प्लीज

प्रशिक्षणात एक खोका मिळाला होता.
आत पंचवीस पत्ते,
लॅमिनेशन केलेली गोरीगोबरी मुलं
एकमेकांच्या गळ्यात हात टाकून.
फासा पहिल्याच दिवशी हरवला.
दुसऱ्या दिवशी धैर्यशीलनं
'माफी माग'चे चार पत्ते जिंकले
आणि एकही खर्च केला नाही.

तुर्भ्याची शाळा. वाऱ्यानं तोंड फिरवलं
की तिसरीच्या वर्गात मार्केटातला कांदा येतो,
नाहीतर खाणीकडची भुकटी.
मल्लेशच्या केसांत ती घरूनच येते.
म्हणून तो म्हातारा.
आठ वर्षांचा.
'म्हाताऱ्या, काठी कुठाय?'
डब्याचं झाकण रोज नव्या ठिकाणी सापडायचं,
एकदा तर संडासाच्या खिडकीत.

मी ओरडले. बाकावर उभं केलं. घरी चिठ्ठी धाडली.
धैर्यशीलचे वडील गोणी उतरवून तसेच आले,
माझ्यासमोरच त्याला दोन ठेवून दिल्या,
आणि ही शिकवणी कुठे चालते
ते मला समजलं.

मग खोका कपाटावर टाकला
आणि मैदानात विषामृत मांडलं.
नियम एकच बदलला:
विष मिळालं की खाली बसायचं,
पण नुसतं शिवून अमृत नाही.
बसलेल्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची,
खरी, आपल्या डोळ्यांनी पाहिलेली.
खोटी निघाली तर सांगणाराही बसेल.

सुरुवातीला सगळे 'अक्षर छान आहे'वर उठत.
कोणाचंच अक्षर छान नव्हतं.
अर्धा वर्ग बसला.
मग एकमेकांकडे बघू लागले,
मधल्या सुट्टीत, चोरून, साठा करायला.
'ही उघडा राहिलेला नळ बंद करते.'
'हा चिमण्यांना खिचडी टाकतो, पण सांगत नाही.'
'मल्लेश दगड हातात धरून सांगतो
तो कुठून फुटणार.'

हे कोणालाच माहीत नव्हतं.
मलाही.

एका शुक्रवारी धैर्यशीलला विष मिळालं.
बसला, गवत उपटत, बेफिकीर.
एक मिनिट. दोन.
कोणी आलं नाही.
मी आठवून बघत होते. पंधरा वर्षं शिकवते,
आणि त्या पोरासाठी माझ्याकडे
उसनं द्यायलाही एक वाक्य नव्हतं.

मल्लेश लांब, भिंतीला टेकून.
तो जाईल असं वाटलं होतं मला;
खरं सांगायचं तर केंद्राच्या बैठकीत सांगायला
तशी गोष्टही मनात जुळवून झाली होती.
तो गेला नाही.
मी जा म्हटलं नाही.

शेवटी अल्फिया गेली, उकिडवी बसली:
'हा बहिणीला बालवाडीत सोडतो.
तिची चप्पल उलटी असली
तर खाली बसून बदलतो.'
धैर्यशील रडलाबिडला नाही.
'गप ए,' म्हणाला, आणि उठला.

सोमवारी पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा तेच.
कोपऱ्यात मल्लेश, वर उगारलेला हात.
मी व्हरांड्यातून धावलेच होते,
तेवढ्यात मल्लेशनं मूठ ओठांना टेकवली
आणि म्हणाला,
'टॅम्प्लीज.'

हात थांबला.
बाईंचं काय, बाई रोजच ओरडतात.
पण टॅम्प्लीज म्हटल्यावर मारलं
तर उद्यापासून कोणी खेळायला घेत नाही;
हा कायदा शाळेहून जुना.
हात तसाच हवेत धरून
धैर्यशीलनं विचारलं,
'किती वेळ?'

मल्लेश विचारात पडला.
असं कोणी विचारेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.
टाकीचा नळ ठिबकत होता.

'चौथी संपेपर्यंत,' तो म्हणाला.